जाहिरातींतील साक्षीदार व ॲरिस्टॉटलचें वक्तृत्वशास्त्र

जाहिरात हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. जुनीं दप्तरें, ताम्रपट व पोथ्या यांत ज्यांचा काळ जातो त्यांस साबण व औषधें खपविण्याच्या विद्येशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीहि करील. तथापि जाहिरातविद्येचीं जीं पाठ्यपुस्तकें अलीकडे वाचनांत येतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या आरंभींच ॲरिस्टॉटलचें नांव आढळतें. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या ग्रीक पंडितानें मन वळविण्याचीं तीन साधनें सांगून ठेविलीं आहेत व आजची उत्तम जाहिरात तीं तीनच वापरते, असें तेथें निःशंकपणें सांगितलेलें असतें. प्राचीन ग्रंथाच्या नांवावर एखादें मत चालविलें जात असेल, तर तें मत त्या ग्रंथांत आहे कीं नाहीं हें पाहणें हें संशोधकाचें काम आहे. एवढ्याच अधिकारानें आम्ही पुढील चार शब्द लिहीत आहों.

पाठ्यपुस्तकांतील मांडणी थोडक्यांत अशी असते. ईथॉस, पॅथॉस व लॉगॉस अशीं तीन साधनें. नामांकित क्रिकेटपटु किंवा नट हातांत वस्तु घेऊन उभा राहिला कीं तें ईथॉस. माता व तान्हें मूल दाखवून डोळ्यांत पाणी आणलें कीं तें पॅथॉस. शेंकडा अमुक जंतु मरतात असा आंकडा छापला कीं तें लॉगॉस. स्वयंपाकघरांत मसाल्याचे तीन डबे मांडून ठेवावे व ज्या त्या पदार्थांत चिमूटभर टाकावे, तसा हा प्रकार आहे. यांतील पॅथॉस व लॉगॉस यांचें विवरण अपुरें आहे. परंतु ईथॉसचें विवरण केवळ अपुरें नसून मूळ ग्रंथाच्या उलट आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम ग्रंथाविषयीं दोन शब्द. विंदा करंदीकर यांनीं ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत आणल्यामुळें तो ग्रंथ आपल्या वाचकांस ठाऊक आहे. वक्तृत्वशास्त्राची तितकी चर्चा आपल्याकडे होत नाहीं. वस्तुतः हे दोन ग्रंथ सहप्रवासी आहेत. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत ग्रीक हस्तलिखित क्रमांक १७४१ म्हणून जी दहाव्या शतकांतील प्रत आहे, तींत हे दोन्ही ग्रंथ एकत्र आहेत व दोहोंच्या पाठनिर्णयांत तिला मोठें स्थान आहे. तेराव्या शतकांत मोएरबेकेच्या विल्यमनें वक्तृत्वशास्त्र ग्रीकवरून लॅटिनमध्यें आणलें. आल्डस मानुशियस यानें व्हेनिसमध्यें १४९५ ते १४९८ या काळांत ॲरिस्टॉटलचे ग्रंथ छापले, तेव्हां हे दोन ग्रंथ त्यांत आले नाहींत. ते १५०८ मध्यें ग्रीक वक्तृत्वकारांच्या संग्रहांतून बाहेर पडले. सारांश, ग्रंथ दुर्मिळ नाहीं व पाठहि विवाद्य स्थळीं अडलेला नाहीं. पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांनीं तो न उघडण्यास सबब उरत नाहीं.

आतां ईथॉस. पहिल्या भागाच्या दुसऱ्या अध्यायांत ॲरिस्टॉटल सांगतो कीं, बोलणारा मनुष्य विश्वासास पात्र आहे असें वाटावयास लावील अशा रीतीनें भाषण झालें, म्हणजे त्याच्या शीलामुळें श्रोत्याचें मन वळतें. परंतु तो लगेच एक अट घालतो. हा विश्वास भाषणांतूनच उत्पन्न झाला पाहिजे. वक्त्याविषयीं लोकांचें पूर्वीं जें मत होतें त्यांतून तो येतां कामा नये. ही अट टीपेंत टाकलेली नाहीं. व्याख्येच्या शेजारींच ती उभी आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभीं त्या विश्वासाचीं अंगेंहि तो सांगतो: वक्त्याची समज, त्याचा सद्गुण व श्रोत्याविषयींची सदिच्छा. आपल्या न्यायभाष्यकारानें आप्ताचें लक्षण करतांना वस्तूचें साक्षात् ज्ञान व तें जसेंच्या तसें सांगण्याची इच्छा, या दोन गोष्टी मागितल्या आहेत, त्यांची येथें सहज आठवण होते. कोणीं कोणापासून घेतलें असा वाद आम्हांस काढावयाचा नाहीं. दोघांनींहि कीर्ति मागितली नाहीं, एवढेंच लक्षांत घ्यावें.

मग क्रिकेटपटूचें काय? त्याचा विश्वास सर्वस्वीं पूर्वींच्या लौकिकांतून येतो. जाहिरातींत तो जें चार शब्द बोलतो त्यांतून त्याची दंतमंजनाविषयींची समज दिसत नाहीं, सद्गुण दिसत नाहीं, आणि सदिच्छा दिसलीच तर ती कोणाविषयींची हें त्याचा करारनामा पाहिल्यावांचून कळत नाहीं. ज्यास लौकिकाचा पुरस्कर्ता हवा त्यानें आयसॉक्रटीझकडे जावें. इ. स. पू. ३५३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आन्टिडोसिस’ या आपल्या समर्थनपर भाषणांत त्यानें ॲरिस्टॉटलच्या नेमकें उलट मत मांडलें आहे: नांवलौकिक असलेल्या माणसाचे शब्द अधिक पटतात, म्हणून ज्यास मन वळवावयाचें आहे त्यानें आधीं लौकिक मिळवावा. पुढें रोमन लोकांनींहि, विशेषतः सिसरोनें, वक्त्याची प्रतिष्ठा व त्याचीं पूर्वकृत्यें यांस वजन दिलें. तेव्हां पाठ्यपुस्तकांतील मत ग्रीकांत कोणाचेंच नव्हतें असें नाहीं. तें ॲरिस्टॉटलचें नव्हतें. शिवाय आयसॉक्रटीझच्या म्हणण्यांतहि लौकिक हा स्वतः सदाचरणानें मिळवावयाचा आहे; दुसऱ्याचा लौकिक वर्षाच्या करारानें भाड्यानें आणावा, ही कल्पना त्याच्याहि ग्रंथांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, शब्दांवर इतकें अडून बसण्यांत काय हंशील? नामांकित माणसाच्या शिफारशीनें माल खपतो हें तर खरें ना? खरें आहे. आणि ॲरिस्टॉटलास ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नाहीं. फक्त त्यानें तिची जागा निराळी ठरविली आहे. पहिल्या भागाच्या पंधराव्या अध्यायांत त्यानें कलेबाहेरचीं प्रमाणें म्हणून पांच गोष्टी सांगितल्या आहेत: कायदे, साक्षीदार, करारनामे, छळ करून घेतलेले जबाब आणि शपथा. हीं वक्ता निर्माण करीत नाहीं. तीं आधींच असतात व तो त्यांचा उपयोग करतो. नामांकित पुरुषाची शिफारस ही या दुसऱ्या सदरांतील आहे. ती साक्ष आहे. हें एकदां मान्य केलें कीं सगळा प्रश्न पालटतो. कारण शील असेल तर त्याची छाप पडावी लागते, पण साक्ष असेल तर ती तपासावी लागते. आणि साक्ष कशी तपासावी हें जुन्या कागदांत वावरणाऱ्यांस कोणीं शिकविण्याची गरज नाहीं.

ॲरिस्टॉटल साक्षीदारांचे दोन वर्ग करतो: प्राचीन व अर्वाचीन. प्राचीन म्हणजे कवि व ज्यांचे निर्णय सर्वांस ठाऊक आहेत असे थोर पुरुष. त्याचें त्यानें दिलेलें उदाहरण मोठें मार्मिक आहे. सालामिस बेट कोणाचें, या वादांत अथेन्सच्या लोकांनीं होमरची साक्ष काढली. हा वाद अथेन्स व मेगारा या दोन नगरांमधील. प्लुटार्क सांगतो कीं तो शेवटीं पांच स्पार्टन पंचांपुढें गेला. अथेन्सची बाजू सोलोनकडे होती. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गांत जी गलबतांची याद आहे, तींत सालामिसचा आयास बारा गलबतें घेऊन आला व त्यानें तीं अथेन्सच्या सैन्याशेजारीं उभीं केलीं, असा उल्लेख आहे. यावरून बेट अथेन्सचें. होमरहून मोठा साक्षीदार ग्रीकांत कोण सांपडणार?

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. गलबतें अथेन्सच्या शेजारीं उभीं केल्याची ती ओळच सोलोननें घुसडली, असें बहुतेक लोक म्हणत, हें प्लुटार्कनेंच नमूद केलें आहे. अथेन्सचे लोक मात्र ही बाष्कळ गोष्ट समजत, हेंहि त्यानें सांगितलें आहे. स्ट्रेबोनें संशयितांत सोलोनबरोबर पीसिस्ट्राटस याचेंहि नांव घेतलें आहे व काव्यांतील इतर स्थळांशीं विरोध येत असल्यामुळें परीक्षकांनीं ती ओळ अग्राह्य मानली असें लिहिलें आहे. मेगारकरांनींहि आपल्या गांवांचीं नांवें घातलेली एक ओळ पुढें केली. म्हणजे ज्यास आज आपण सर्वांत थोर शिफारसपत्र म्हणूं, त्याच्या बाबतींत प्राचीनांनीं विचारलेला प्रश्न आपल्याच धंद्यांतला होता: हा पाठ मूळचा कीं प्रक्षिप्त? आणि दुसऱ्या पक्षास उत्तर देण्याची मोकळीक होती, ही गोष्टहि विसरूं नये. सोलोननें थडग्यांचाहि पुरावा आणला. मेगारकर प्रेताचें तोंड पूर्वेस करतात, अथेन्सचे पश्चिमेस, आणि सालामिसमधील थडगीं पश्चिमाभिमुख आहेत, असें त्याचें म्हणणें. त्यावर मेगाराच्या हेरिआस नांवाच्या लेखकानें उत्तर दिलें कीं आमचेहि लोक पश्चिमाभिमुखच पुरतात. शिवाय अथेन्समध्यें एका थडग्यांत एकच प्रेत, तर आमच्यांत तीन तीन चार चार असतात. असा वाद आजच्या कोणत्याहि संशोधन मंडळाच्या बैठकींत शोभला असता.

याच संबंधांत एक घरगुती अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या पोथ्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचें छापील पत्रक आमच्याकडे आलें. त्यांत एका बखरीची प्रत शके १६९० ची असून ती अमुक अमुक विद्वानांनीं पाहिली आहे, असें मोठ्या अक्षरांत होतें. नांवें खरींच थोर होतीं. आमच्या एका स्नेह्यांनीं तेवढ्यावर पैसे भरले. पोथी हातीं आल्यावर आम्हीं पान उजेडासमोर धरलें, तों कागदांत १८१२ हा सन स्पष्ट उमटलेला. शके १६९० म्हणजे इ. स. १७६८, म्हणजे लेखन आधीं व कागद चव्वेचाळीस वर्षें मागाहून! त्या विद्वानांनीं पोथी पाहिली होती हें खोटें नसेलहि. त्यांनीं तिच्या काळाविषयीं काय म्हटलें, हें मात्र पत्रकांत नव्हतें आणि आम्हींहि विचारलें नव्हतें. नांवें वाचून मन निर्धास्त झालें, हा दोष आमचाहि आहे.

ॲरिस्टॉटलनें अर्वाचीन साक्षीदारांविषयीं जें म्हटलें आहे तें आमच्या मतें या विषयांतील सर्वांत उपयोगी वाक्य आहे. त्यांपैकीं कांहीं साक्षीदार असे कीं, खोटें बोलत आहेत असें दिसून आल्यास ते स्वतःहि संकटाचे वांटेकरी होतात. असे साक्षीदार एखादी गोष्ट घडली कीं नाहीं एवढ्यापुरते कामाचे. ती न्याय्य कीं अन्याय्य, हिताची कीं अहिताची, हें सांगण्यास दूरचे साक्षीदार अधिक विश्वसनीय. आणि सर्वांत विश्वसनीय ते प्राचीन, कारण त्यांस लांच देतां येत नाहीं. (घुसडलेल्या ओळीचा विचार येथें त्यानें केलेला नाहीं, हें सालामिसची कथा वाचलेल्याच्या ध्यानांत येईलच.) मुंबईच्या गोदरेज कारखान्याच्या साबणाविषयीं रवींद्रनाथ ठाकूर यांनीं, परदेशी साबण याहून चांगला असल्याचें आपणांस ठाऊक नाहीं, अशा अर्थाची शिफारस दिली होती. साबण किती मळ काढतो या प्रश्नावर कवीची साक्ष कितपत घ्यावी? पण देशी माल वापरणें इष्ट कीं नाहीं, या प्रश्नावर त्यांच्याएवढा वजनदार साक्षीदार त्या काळीं क्वचितच मिळाला असता. ॲरिस्टॉटलचा भेद लावला म्हणजे एकाच शिफारशींत दोन निराळ्या साक्षी कशा मिसळलेल्या असतात हें दिसतें. पाठ्यपुस्तकांतील ‘ईथॉस’ या एका शब्दानें तें दिसत नाहीं.

संकटाचा वांटेकरी होणें म्हणजे काय, याचा इंग्लंडांतील एक खटला प्रसिद्ध आहे. आपल्याकडील कायद्याच्या विद्यार्थ्यांस तो पाठच असतो. नोव्हेंबर १८९१ मध्यें कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनें जाहिरात दिली कीं, आमचा धूम्रगोल सूचनेप्रमाणें दिवसांतून तीन वेळ दोन आठवडे वापरूनहि ज्यास इन्फ्ल्युएन्झा होईल त्यास शंभर पौंड देऊं. आणि आमचा हेतु खरा आहे हें दाखविण्यासाठीं रीजंट स्ट्रीटवरील अलायन्स बँकेंत एक हजार पौंड ठेविले आहेत. लुइझा कार्लिल नांवाच्या बाईनें गोल घेतला, नेमानें वापरला, आणि १७ जानेवारी १८९२ रोजीं ती आजारी पडली. कंपनीनें बचाव केला कीं ही तर नुसती जाहिरातीची फुशारकी. तींत करार कसला? अपील कोर्टाच्या तिघां न्यायाधीशांनीं डिसेंबर १८९२ मध्यें तो बचाव फेटाळला, आणि बँकेंतील ठेवीचा उल्लेख हाच फुशारकी नसल्याचा पुरावा मानला. येथें जाहिरातींतील शब्दांनींच विश्वास उत्पन्न केला होता. कंपनीच्या पूर्वलौकिकाची त्यास गरज नव्हती. वक्त्यानें स्वतःस संकटांत घातलें होतें व म्हणून श्रोता वळला. ॲरिस्टॉटलच्या अर्थानें ईथॉसचें उदाहरण कोणास हवें असेल तर तें या जाहिरातींत आहे. कंपनीस मात्र हें ईथॉस महाग पडलें. १८९३ मध्यें तिनें दोनशें पौंडांची नवी जाहिरात काढली, ती अटींनीं इतकी जखडलेली कीं बक्षीस कोणाच्या हातीं लागूं नये. आणि ती बड्या बड्या घराण्यांच्या नांवांनीं सजविलेली होती. स्वतः संकट पत्करण्याचें बंद झालें तेव्हां साक्षीदारांची रांग पुढें आली.

भारतांतील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तोच विचार शिफारस करणाऱ्यास लावला आहे. त्याच्या एकविसाव्या कलमान्वयें फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेंच शिफारस करणाऱ्यासहि दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तसें झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय एक वर्षापर्यंत, व पुढील अपराधास तीन वर्षांपर्यंत, शिफारस करण्यास बंदी घालतां येते. दाव्याच्या सत्यतेची योग्य ती चौकशी करून मगच शिफारस केली असेल तर तो सुटतो. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनीं, शिफारस करणारा व व्यापारी यांत ज्या संबंधामुळें शिफारशीच्या मोलास बाध येईल असा संबंध असल्यास तो उघड करावा, असेंहि ठरविलें. कायदा करणाऱ्यांनीं ॲरिस्टॉटल वाचला होता असें आम्ही सुचवीत नाहीं. पण जाहिरातविद्येच्या पाठ्यपुस्तकांपेक्षां या कलमांत तो अधिक आहे.

लॉगॉसविषयीं थोडक्यांत. ॲरिस्टॉटलच्या मतें मन वळविण्याचा देह म्हणजे ‘एन्थिमेमा’, म्हणजे असें अनुमान कीं ज्यांतील एखादा अवयव वक्ता बोलत नाहीं, श्रोता मनांत भरून घेतो. डोरिएउस ऑलिंपिक सामन्यांत जिंकला एवढें म्हटलें कीं पुरे. तेथें बक्षीस मुकुटाचें असतें हें सांगावें लागत नाहीं. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेंत, व्याप्ति श्रोत्याच्या पदरची असते. जाहिरातीचें बळ व तिचा धोका हीं दोन्ही येथें आहेत, आंकड्यांत नाहींत. अमेरिकेंतील लिस्टरीन या गुळण्यांच्या औषधानें जंतु मरतात हें विधान घ्या. त्यापासून सर्दी टळते असा दावा १९२१ पासून पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला, आणि तो पटला, कारण जंतूंमुळें सर्दी होते ही मधली पायरी वाचक स्वतःच भरून घेत असे. ती पायरी खोटी होती; तोंडांतील त्या जंतूंचा सर्दीशीं संबंध नाहीं असें तेथील व्यापार आयोगास आढळलें. १९७५ मध्यें आयोगानें हुकूम केला कीं या औषधानें सर्दी वा घसादुखी टळत नाहीं असें कंपनीनें आपल्याच जाहिरातींत छापावें, आणि सुमारें एक कोट डॉलर जाहिरातींवर खर्च होईपर्यंत छापीत राहावें. १९७७ मध्यें अपील कोर्टानें हुकूम मुख्यतः कायम केला. श्रोत्यानें स्वतः भरलेली पायरी काढून टाकण्यास किती द्रव्य लागतें, याचा हा एक सरकारी हिशेब आहे.

पॅथॉसविषयीं तर ॲरिस्टॉटलनें ग्रंथाच्या आरंभींच पूर्वींच्या वक्तृत्वकारांस दोष दिला आहे: ते अनुमान सोडून न्यायाधीशाचा राग, मत्सर व दया चाळविण्यांतच गुंतले, जी पट्टी आपण मापण्यास घेणार तीच आधीं वांकडी करण्यासारखें हें आहे. पुढें दुसऱ्या भागांत तो स्वतःच विकारांचें सविस्तर विवेचन करतो, ही विसंगति आहे कीं नाहीं यावर पंडितांचा वाद आहे. आमच्या मतें नाहीं. कोणत्या माणसास कोणाविषयीं व कशामुळें राग येतो, हें तेथें तो विषयाशीं जोडून सांगतो, विषयाबाहेरून आणीत नाहीं.

फ्रेंच पंडितांनीं या क्षेत्रांत केलेलें काम अधिक विद्वत्तेचें आहे हें कबूल केलें पाहिजे. रोलां बार्त यांनीं १९६४ मध्यें पांझानी नांवाच्या कंपनीच्या शेवयांची एक जाहिरात घेऊन चित्राचें वक्तृत्व शोधलें, आणि झाक दुरां यांनीं १९७० मध्यें शेंकडों जाहिरातींतील अलंकारांचें वर्गीकरण करून दाखविलें. वर्गीकरण सुबक आहे. पण अलंकार हा ॲरिस्टॉटलच्या तिसऱ्या भागाचा विषय. पहिले दोन भाग झाल्यावर तो त्याकडे वळतो. आपल्या अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांस उपमा व श्लेष मोजीत बसण्याची संवय आहे, म्हणून त्यांस हें काम आवडेल. त्यांतून माल का घ्यावा हें कळेल असें मात्र नाहीं.

शेवटीं एका मृत्पात्राचा उल्लेख करून थांबतों. म्युनिक येथील संग्रहालयांत इ. स. पू. ५१० च्या सुमाराचा एक कुंभ आहे. तो इटलींत व्हुल्ची येथें सांपडला. एका बाजूस हेक्टर चिलखत चढवीत आहे, दुसऱ्या बाजूस तीन मद्यधुंद पुरुष नाचत आहेत. त्या नाचणाऱ्यांजवळ चित्रकार युथिमिडीस यानें, असें युफ्रोनिऑसला कधीं साधलें नाहीं, अशा अर्थाचे शब्द रंगविले आहेत. ही चढाओढ कीं मित्राची थट्टा, यावर एकमत नाहीं. पण दावा ज्या वस्तूविषयीं, त्याच वस्तूवर तो लिहिलेला आहे. कोणा तिसऱ्याची साक्ष काढलेली नाहीं. आणि ज्याच्याशीं तुलना केली त्याचें नांव उघड घेतलें आहे, म्हणजे पाहणाऱ्यास त्याचेंहि काम पाहतां यावें. युफ्रोनिऑसचें कामहि शिल्लक आहे. सार्पेडोनचें प्रेत उचलून नेतांनाचा त्याचा प्रसिद्ध कुंभ २००८ मध्यें न्यूयॉर्कहून इटलीस परत गेला. आम्हीं दोन्हींचीं छायाचित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं. नाचणाऱ्यांच्या वळलेल्या पाठीपुरता युथिमिडीसचा दावा आम्हांस मान्य आहे, एरव्हीं नाहीं.